धीर कीं दिरंगाई?

आपल्याकडे सद्गुणांची जी यादी सांगण्यांत येते तींत क्षमा, दया, शांति यांच्या पंक्तीला धीराचें नांव बहुधा असतेंच. फळ पिकेपर्यंत थांबावें, खपली धरलेल्या जखमेला नख लावूं नये, मूल आपल्या वेळेनें बोलूं लागेल म्हणून त्याला छळूं नये, हा शहाणपणा घरोघरचीं वडील माणसें जन्मभर सांगत असतात. आणि तो खोटा आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. तथापि या सद्गुणाविषयींचा एक प्रश्न असा आहे कीं, तो नीतिशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो, पण मुलांच्या रुग्णालयांतील बांकावर मात्र रोज येऊन बसतो. दोन माणसें सारख्याच शुद्ध मनानें व सारख्याच मायेनें थांबलीं. एकाचें थांबणें फळाला आलें, दुसऱ्याचें थांबणें मुलाच्या जन्माचें नुकसान करून गेलें. तर पहिल्याच्या थांबण्याला धीर म्हणावें आणि दुसऱ्याच्या थांबण्याला दिरंगाई, हा भेद कशाच्या आधारावर करावयाचा? मनाच्या आधारावर तो करतां येत नाहीं, कारण मनें सारखींच होतीं. परिणामाच्या आधारावर करावा, तर तो न्याय नव्हे. तें नशिबाचें मोजमाप झालें.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक उदाहरण घेतों. समजा, दोन घरीं दोन मुली जन्माला आल्या. जन्मतः दोघींचीहि कांति निर्मळ. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत एकीच्या पाठीवर आणि दुसरीच्या वरच्या पापणीवर तांबडा ठिपका दिसूं लागला, व दीड-दोन महिन्यांत तो फुगून बोराएवढा झाला. दोन्ही घरच्या आज्यांनीं तें लासें आहे असें सांगितलें. दोन्ही गांवच्या डॉक्टरांनीं “मोठी झाली कीं आपोआप जाईल” असा दिलासा दिला. दोन्ही आया थांबल्या. पाठीवरचें लासें कांहीं वर्षांत विरून गेलें. पापणीवरचेंहि ओसरलें; डॉक्टरांचें भाकीत खोटें ठरलें नाहीं. पण मधल्या काळांत त्या गांठीच्या भारानें पापणी बाहुलीवर उतरून राहिली होती, आणि ज्या वयांत मेंदू डोळ्याकडून पाहावयास शिकतो त्याच वयांत तो डोळा झांकलेला राहिला. गांठ गेली, दृष्टि आली नाहीं.

या दोघींचें लासें निदान एकाच जातीचें होतें. परंतु पुष्कळदां जातहि एक नसते, आणि मग गोंधळ आणखी वाढतो. त्वचेवरील तांबड्या, निळसर, जांभळ्या डागांना आणि गांठींना वैद्यकानें दीर्घ काळ एकाच नांवाखालीं कोंबलें होतें. १९८२ सालीं बोस्टन येथील शल्यविशारद जॉन मलिकन आणि त्यांच्या सहकारी ज्युली ग्लोवॅकी यांनीं या गर्दीचे दोन स्वच्छ वर्ग केले. पहिल्या वर्गांत रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी फाजील वेगानें वाढत असतात. बालवयांतील हिमॅन्जिओमा ही त्यांतील सर्वांत सामान्य गांठ. शंभर अर्भकांत सुमारें चार-पांचांना ती होते. मुलींत अधिक, अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बालकांत अधिक. ती जन्मतः बहुधा नसते किंवा पुसट असते, पहिल्या कांहीं आठवड्यांत झपाट्यानें वाढते, पांचव्या महिन्याच्या सुमारास तिची बहुतेक वाढ पुरी होते, आणि पुढें वर्षानुवर्षें ती हळूहळू ओसरते. दुसऱ्या वर्गांत पेशींची वाढ नव्हे, तर वाहिन्यांची घडणच चुकलेली असते. मग त्या केशवाहिन्या असोत, शिरा असोत, लसीकावाहिन्या असोत कीं धमनी आणि शीर यांची विपरीत जोडणी असो. ही विकृति जन्मापासूनच असते, मुलाबरोबर वाढते, आणि आपणहून सहसा जात नाहीं. पहिलीविषयीं ‘थांबा’ म्हणणें बहुधा बरोबर असतें; दुसरीविषयीं ‘थांबा, जाईल’ म्हणणें म्हणजे रद्द झालेल्या गाडीची वाट पाहात माणसाला फलाटावर बसवून ठेवणें होय.

शिवाय पहिल्या वर्गांतहि जागा पाहावी लागते. गांठ नाकाच्या शेंड्यावर वा ओठावर असेल तर ती गेल्यावरहि व्यंग मागें ठेवते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनें, पुरुषाला दाढी येते त्या जागीं, ती पसरलेली असेल तर श्वासमार्गांतहि तशीच गांठ असण्याचा संभव असतो. अंगावर अशा पांच किंवा अधिक गांठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करावी लागते. चेहऱ्यावर मोठा पट्टाच असेल तर मेंदूच्या धमन्या आणि हृदय, आणि कमरेखालीं मध्यभागीं मोठी गांठ असेल तर पाठीचा कणा, हीं तपासलीं पाहिजेत. म्हणजे जो डाग आईला एकच दिसतो तो जाणत्याला दहा प्रकारांनीं दिसतो, आणि त्या दहांपैकीं कोठें थांबावयाचें व कोठें धांवावयाचें याचा निर्णय आईच्या मायेनें होत नाहीं. तो ओळखीनें होतो.

‘थांबा’ हा सल्ला डॉक्टरांच्या आळसांतून जन्मला असें मात्र कोणी समजूं नये. त्याच्यामागें मोठा आणि दुःखद अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रेडियमचा शोध नवा होता, आणि नव्या शस्त्राला सर्वत्र शत्रु दिसतात. स्टॉकहोम येथील रेडियमहेमेट या विख्यात संस्थेंत १९२० ते १९५९ या काळांत असल्या डागांसाठीं हजारों अर्भकांवर किरणोपचार करण्यांत आले. पुढें त्या बालकांचा मोठेपणींहि मागोवा घेण्यांत आला, तेव्हां थायरॉइड ग्रंथीचे आणि स्तनांचे कर्करोग त्यांच्यांत अपेक्षेहून अधिक आढळले. जे डाग बहुधा आपणहून गेले असते त्यांच्यासाठीं ही किंमत पडली. याच काळांत, १९३८ सालीं, इंग्लंडांतील डब्ल्यू. ए. लिस्टर यांनीं कांहीं न करतां अशा मुलांकडे केवळ पाहात राहण्याचें अवघड काम केलें, आणि हे डाग ओसरतात हें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांतून दाखवून दिलें. धीराच्या बाजूनें दिलेली ती साक्ष आजहि खरी आहे. पण दोनच वर्षांनीं, १९४० सालीं, कॅसाबाख आणि मेरिट या अमेरिकन डॉक्टरांनीं अशाच दिसणाऱ्या एका प्रचंड गांठीनें बालकाच्या रक्तांतील बिंबिका फस्त होऊन रक्तस्राव होऊं लागल्याची हकीकत प्रसिद्ध केली. ती साधी हिमॅन्जिओमा नव्हे, वेगळ्याच जातीची गांठ असते, हें कळावयास शतकाचा शेवट उजाडावा लागला. तात्पर्य, उतावळेपणानेंहि मुलें दुखावलीं आहेत आणि स्वस्थ बसण्यानेंहि. दोहोंतून सुटका करणारी वस्तु एकच, ती म्हणजे अचूक नांव.

आतां या हकीकतींत अलीकडे एक नवा अध्याय जोडला गेला आहे, आणि त्यानें नैतिक प्रश्नाची धार अधिकच तीक्ष्ण केली आहे. प्रोप्रानोलोल हें हृदयविकाराचें व रक्तदाबाचें औषध सर जेम्स ब्लॅक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकामागें तें एक मोठें कारण होतें. फ्रान्समधील बोर्दो येथें नाकावरील हिमॅन्जिओमासाठीं स्टेरॉइड घेत असलेल्या एका बालकाच्या हृदयाचे स्नायु जाड होऊं लागले, म्हणून त्याला हें औषध देण्यांत आलें. दुसऱ्याच दिवशीं गांठीचा लालभडक रंग जांभळट झाला आणि ती मऊ पडली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें पाहिलें, दुसऱ्या मुलांत पडताळलें आणि २००८ सालीं जगापुढें मांडलें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पद्धतशीर चांचणींत सहा महिने औषध घेतलेल्या शंभरांतील साठ बालकांच्या गांठी पूर्णपणें वा जवळजवळ पूर्णपणें गेल्या. नुसतें औषधासारखें दिसणारें द्रव्य घेतलेल्यांत हें प्रमाण शंभरांत चार होतें. औषध जुनें व स्वस्त आहे. परंतु तें घरच्या घरीं द्यावयाचें नव्हे, कारण त्यानें नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि उपाशीं बालकाच्या रक्तांतील साखर घसरते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, गांठ वाढीला लागली असतांना तें दिलें तर त्याचा उपयोग सर्वांत अधिक. म्हणूनच अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेनें २०१९ सालीं, धोक्याच्या जागीं गांठ असलेलें बालक महिन्याचें होतें न होतें तोंच तज्ज्ञानें पाहावें, असें सांगितलें. ज्या काळांत आजी ‘अजून लहान आहे, पाहूं पुढें’ असें म्हणते, नेमक्या त्याच काळांत दार उघडें असतें.

मग हे जाणते आहेत कोठें? ही ओळख कोणा एका डॉक्टरच्या पेटींत मावणारी नाहीं. त्वचारोगतज्ज्ञ, बालशल्यविशारद, रक्तविकारतज्ज्ञ, डोळ्यांचे व कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि प्रतिमा पाहून सुईवाटे वाहिनींत औषध सोडणारे कुशल हात, इतकीं माणसें एका मुलाभोंवतीं जमावीं लागतात. अवघड रोगी थोडे, आणि हात बसण्यास तर पुष्कळ रोगी पाहावे लागतात. त्यामुळें ही विद्या साहजिकच थोड्या ठिकाणीं गोळा होते. बोस्टनचें मुलांचें रुग्णालय, लंडनचें ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट, पॅरिसचें नेकेर, हीं अशीं ठिकाणें आहेत. आणि आपल्याकडेहि जें कांहीं मिळतें तें मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतील मोठ्या, शिकवणाऱ्या रुग्णालयांतच बहुधा मिळतें. हें अंतर पाहून मन विषण्ण होतें, आणि ‘प्रत्येक तालुक्याला असा तज्ज्ञ हवा’ असें म्हणावेसें वाटतें. पण ही मागणी दयाळू असली तरी विचाराची नव्हे. वर्षांतून एखादें असें मूल पाहणारा तज्ज्ञ नांवाचाच तज्ज्ञ राहील. विद्या एके ठिकाणीं सांठणें हा अन्याय नाहीं. विहीर गांवांत एकच असणें हा जसा अन्याय नाहीं. अन्याय तेथें सुरू होतो, जेथें विहिरीकडे वाट नसते, किंवा वाट असून ती मोजक्यांनाच ठाऊक असते.

आणि आज स्थिति नेमकी ही आहे. ज्या घरांत शिकलेलें माणूस आहे, शहरांत ओळख आहे, नोकरींतून रजा मिळते, त्या घरचें मूल वाटेला लागतें. ज्या घरीं यांतलें कांहीं नाहीं, तें एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून मांत्रिकाकडे फिरत राहतें. दोन्ही मुलांच्या रक्तवाहिन्यांत फरक नसतो. फरक असतो तो बापाच्या परिचयांत. रोग होणें हें दैव म्हणून सोसतां येतें. पण त्या रोगाचें नांव जगाला ठाऊक असून आपल्याला कोणीं सांगितलें नाहीं, हें दैव नव्हे. तेथें कोणीतरी माणूस चुकलेला असतो.

तो कोण? माझ्या मतें, पहिला भार गांवच्या डॉक्टरवर पडतो. परंतु तो न जाणण्याचा नव्हे. सर्व कांहीं जाणणें कोणालाच शक्य नाहीं, आणि दिवसाकांठीं शंभर तापकरी तपासणाऱ्या माणसाला दुर्मिळ विकृतींचे पोटभेद ठाऊक नसले तर त्यांत पाप नाहीं. पाप आहे तें ‘मला ठाऊक नाहीं’ हें वाक्य गिळून टाकण्यांत. “कांहीं नाहीं, जाईल” आणि “मला निश्चित सांगतां येत नाहीं, अमक्याकडे दाखवा” या दोन वाक्यांत ज्ञानाचें अंतर मुळींच नाहीं. दोन्ही बोलणाऱ्यांना सारखेंच कळतें. अंतर आहे तें अभिमानाचें. म्हणून वैद्याच्या अंगीं असावयाच्या गुणांत मी पाठवणीचें शहाणपण हातगुणाच्या वर मांडतों. शहरांतल्या तज्ज्ञाचेंहि कर्तव्य त्याच्या खुर्चींत संपत नाहीं. आलेल्या रोग्याबरोबर पाठवणाऱ्या डॉक्टरला चार ओळींचें उत्तर गेलें, तर पुढचें मूल त्या वाटेनें महिनाभर आधीं येतें. यूरोपांत २०१७ सालीं दुर्मिळ रोगांसाठीं रुग्णालयांचीं जीं जाळीं उभीं राहिलीं, त्यांत रक्तवाहिन्यांच्या रोगांसाठींहि एक आहे. आणि त्यामागचें तत्त्व असें कीं, शक्य तेथें रोग्यानें नव्हे, विद्येनें प्रवास करावा. हें तत्त्व नीतिशास्त्राच्या कोणत्याहि ग्रंथांत शोभेल.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. ज्या देशांत अजून कुपोषणानें आणि न्यूमोनियानें मुलें जातात, त्या देशानें शंभरांतल्या चार-पांच मुलांच्या लाल डागांची चिंता करीत बसावें काय? शिवाय त्यांतल्या बहुतेकांना उपचाराची गरजच नाहीं; सर्वांनाच शहराकडे धाडलें तर तज्ज्ञांच्या दारीं जत्रा भरेल आणि खरा गरजवंत मागें पडेल. या आक्षेपाचें उत्तर पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. तें गडचिरोलींत मिळतें. डॉ. अभय व राणी बंग यांनीं तेथील खेड्यांतल्या थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बालकांची देखभाल शिकवली, आणि त्यायोगें त्या गांवांत नवजातांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटल्याचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मधून जगाला कळलें. रुग्णालय झोंपडींत नेतां येत नाहीं, पण जाणती नजर नेतां येते, हा त्याचा अर्थ. त्याच धर्तीवर पुढें देशभर आशा सेविका बाळंतिणीच्या घरीं जाऊं लागली. रुग्णालयांत जन्मलेल्या बाळाकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं जाते. वाचकांनीं हे दिवस पुन्हां एकवार पाहावे. तांबडा ठिपका दिसूं लागण्याचे आणि फुगूं लागण्याचे दिवस हेच! दार ज्या काळांत उघडें असतें, त्या काळांत एक बाई अगोदरच त्या दारांत उभी आहे. तिला नवा पगारी तज्ज्ञ व्हावयाचें नाहीं; डोळा, नाक, ओठ, हनुवटी, कंबर, आणि पांचाहून कमी नसलेले डाग, एवढ्या जागा ओळखून वेळींच वरती कळवावयाचें आहे. २०१३ सालीं पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत मुलांची जी तपासणी होते, तिच्यांतल्या हातांनाहि हा भेद शिकवतां येईल. कोणाला पाठवावें व कोणाला नाहीं, याची छोटी प्रश्नावली यूरोपांतील तज्ज्ञांनीं २०२० सालीं सामान्य डॉक्टरांसाठीं तयार केली आहे. तेव्हां येथें अडचण पैशाची थोडी आहे. अडचण आहे ती एका वाक्याची, जें योग्य माणसाच्या कानांत अजून पोंचलेलें नाहीं.

नांवाचा आणखी एक उपयोग आहे, तो औषधाहून लहान नाहीं. आपल्या भाषेंत ‘नांव ठेवणें’ याचे दोन अर्थ होतात, आणि अशा मुलाच्या घरीं बहुधा दुसराच आधीं घडतो. ग्रहणांत बाहेर गेली असेल, डोहाळे पुरे झाले नसतील, कांहीं तरी वेडेंवांकडें पाहिलें असेल, अशीं नांवें आईला ठेवण्यांत येतात. आणि ती बिचारी रात्रीं मुलाच्या गालावरून हात फिरवतांना आपल्या नऊ महिन्यांची उलटतपासणी करीत बसते. जन्मतःच गालावर पसरलेल्या मद्यवर्णी डागामागें बहुधा एका विशिष्ट जनुकांतील बदल असतो, आणि तो गर्भ वाढत असतां एखाद्या पेशींत आपसूक घडतो, आईबापांकडून आलेला नसतो, हें २०१३ सालीं उघड झालें. वाहिन्यांच्या दुसऱ्या अनेक विकृतींचीहि हकीकत अशीच आहे. ज्या दिवशीं डॉक्टर त्या डागाचें खरें नांव उच्चारतो, त्या दिवशीं आईला ठेवलेलीं सारीं नांवें गळून पडतात. औषध नसलेल्या रोगाचेंहि नांव सांगावें, याचें हें पुरेसें कारण आहे.

कारण सर्वच विकृति बऱ्या होतात असें नव्हे. कांहींना लेसर वारंवार द्यावा लागतो, कांहींत सुईनें औषध सोडूनहि गांठ पुन्हां भरते, कांहींना सिरोलिमससारखीं औषधें वर्षेंच्या वर्षें लागतात, आणि कांहीं मुलांना आपल्या विकृतीसह जन्म काढावा लागतो. त्यांच्या आईबापांना खरा धीर लागतो, आणि तो त्यांनीं कोणापासून शिकावा असें नाहीं; तेच तो इतरांना शिकवूं शकतील. त्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, नांव कळल्यावांचून मुलावर शस्त्र चालवूं देऊं नये. दर आठवड्याला एक छायाचित्र काढून त्यावर तारीख घालावी, कारण वाढीचा वेग तज्ज्ञाला पुष्कळ सांगतो. आणि ‘अशीं मुलें आपण किती पाहिलीं, आपल्याबरोबर आणखी कोण पाहतें’ हा प्रश्न डॉक्टरला विचारावयास लाजूं नये. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळतों. त्या दोन आयांत नैतिक भेद मुळींच नाहीं. दोघीहि निर्दोष आहेत. धीर आणि दिरंगाई यांतील भेद थांबणाऱ्याच्या मनांत शोधून सांपडणार नाहीं, कारण तो ‘थांबा’ असें सांगणाऱ्याच्या जबाबदारींत असतो. जाणून सांगितलेलें ‘थांबा’ नेहमीं आपल्याबरोबर कांहीं आणतें: काय पाहावें, कशाची भीति बाळगावी, आणि पुन्हां कोणत्या दिवशीं यावें. न जाणतां सांगितलेल्या ‘थांबा’ला तारीख नसते. लासें दिसलें म्हणून घाबरूं नका, असें आपण सर्वजण एकमेकांस सांगत आलों आहों, आणि पुढेंहि सांगावें. त्यानें घर शांत राहतें. फक्त त्यापुढें आणखी एक वाक्य जोडावें, कीं या महिन्यांतच एकदां जाणत्याला दाखवून घ्या. पापणीवर लासें असलेल्या त्या मुलीच्या आईला हें दुसरें वाक्य कोणीं सांगितलें नव्हतें.